भिंतीला भोक पुरे, आता रिंगणात टक्कर!

पडद्याचे रॉड लावायला हौसेनं आणलेलं कॉर्डलेस ड्रिल आता कुठे आहे? बहुतेक पलंगाखाली, चार्जरला मिठी मारून झोपलेलं! त्याच्या पोटातली मोटर लढाऊ रोबोचे पाय बनू शकते. तेही पार वर्ध्यात बसून. फक्त ड्रिल उघडल्यावर आपण काय काढतोय आणि त्याच्या बदल्यात काय बसवतोय, याचा हिशोब पक्का हवा...

इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला तुम्हीही हे केलं असेल. चौघांनी पैसे काढायचे, भंगारवाल्याकडून वायपर मोटर उचलायच्या, हॉस्टेलच्या रूममध्ये रात्रभर सोल्डरिंगचा धूर करायचा आणि दुसऱ्या दिवशी फेस्टमध्ये पहिल्याच मिनिटाला रोबो ठप्प! आयआयटी मुंबईचा टेकफेस्ट सुरू झाला १९९८ मध्ये. पवईच्या त्या कॅम्पसवर रोबोवॉरच्या रिंगणाभोवती उसळणारी गर्दी ही अनेकांच्या कॉलेज लाइफमधली सॉलिड आठवण आहे. मग प्लेसमेंट झालं, आयकार्डाची दोरी गळ्यात आली, पाठोपाठ ईएमआय आला. रोबो गेला माळ्यावर.

पण मंडळी, तेव्हा नसलेली एक गोष्ट आता आहे. पगार! आणि शनिवार-रविवार. ज्यांचं गाव वर्धा आहे त्यांच्याकडे तर दिवाळीची अख्खी सुट्टी आहे. जिल्ह्यात गेली कित्येक दशकं दारूबंदी, त्यामुळे शनिवारच्या संध्याकाळचे ऑप्शन तसेही मोजकेच. मग घरातलं ड्रिल उघडायला घ्यायला काय हरकत आहे? आई मागून विचारेलच, ‘काहून मोडून राह्यला बाप्पा चांगली मशीन?’ तिला द्यायचं उत्तर पुढे आहे.

घरातलं यंत्र मोडून लढवय्या बनवणं ही या खेळाची जुनीच रीत. जॉर्ज लुकासच्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक कंपनीत काम केलेल्या मार्क थॉर्पनं १९९२ च्या सुमारास रिमोटवर चालणारा व्हॅक्यूम क्लीनर बनवायचा घाट घातला होता. घर काही धड झाडून झालं नाही, पण त्या खटपटीतून रोबोंच्या कुस्तीची कल्पना निघाली. १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पहिलं ‘रोबोट वॉर्स’ झालं. १९९८ मध्ये बीबीसीनं ते टीव्हीवर आणलं. २००० मध्ये अमेरिकेत ‘बॅटलबॉट्स’ सुरू झालं आणि गॅरेजमध्ये रमणाऱ्या जगभरच्या पोरांना नवा छंद लागला.

आता कुणी म्हणेल, रिमोटवर चालतो तो रोबो कसला, ती तर खेळण्यातली गाडी! मुद्दा बरोबर आहे. पुण्यात २००८ आणि २०१४ मध्ये आशिया-पॅसिफिकची रोबोकॉन स्पर्धा झाली. २००८ ची थीम तर चक्क आपली दहीहंडी होती. तिथले रोबो दिलेलं काम करतात, त्यातले बरेच स्वतःच्या डोक्यानं. रोबोवॉरमधला गडी डोक्यानं मंदच. त्याला फक्त धडकायचं असतं. पण धडकून झाल्यावर पुन्हा चालायचं असतं, आणि सगळं कौशल्य इथेच लागतं.

पोटात दडलंय काय?

साधं ब्रशवालं ड्रिल उघडलं की आत निघते ‘५५० साइज’ची मोटर. जाडी साधारण ३६ मिलिमीटर, लांबी ५७ च्या आसपास. मुठीत मावेल एवढी. बिनओझ्यानं फिरवली तर मिनिटाला वीसेक हजार फेरे घेते. नुसत्या मोटरला चाक लावून काही उपयोग नाही. वेग अफाट, पण जोर नाही. खरा खजिना तिच्या पुढच्या डबीत आहे. तिला प्लॅनेटरी गिअरबॉक्स म्हणतात. मधे एक छोटं पिनियन, त्याच्याभोवती ग्रहांसारखे फिरणारे तीन-चार गिअर आणि या सगळ्यांना वेढणारी दातेरी रिंग. असे दोन-तीन मजले एकावर एक. बऱ्याच ड्रिलमध्ये हे प्रमाण ३६ ला १ च्या आसपास असतं. म्हणजे मोटरचे छत्तीस फेरे, तर बाहेरच्या दांड्याचा एक. वीस हजाराचे उरले साडेपाचशे, आणि जोर त्याच पटीत वाढला. थोडा घर्षणात गेला, तो सोडून द्या.

आता या दांड्याला दहा सेंटिमीटरचं चाक लावा. परीघ झाला साडेएकतीसच्या आसपास सेंटिमीटर. साडेपाचशे फेऱ्यांना सेकंदाला पावणेतीन-तीन मीटर, म्हणजे ताशी दहाएक किलोमीटर. तुम्ही म्हणाल, ह्या! एवढ्या वेगानं तर आमची कॅब हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्येही चालते! पण वीस फुटी रिंगणात हा वेग म्हणजे या टोकापासून त्या टोकाला दोन सेकंदांत. मधे समोरचा उभा आहे.

असा गिअरबॉक्स सुटा बनवून घ्यायला गेलात तर लेथवाला हात जोडेल. चांगल्या विदेशी कंपनीची गिअर-मोटर घेतली तर दोन मोटरमध्येच टू-व्हीलरचं डाऊन पेमेंट होईल. कॉलेजातली आपली लाडकी वायपर मोटर दणकट असते, पण मिनिटाला पन्नास-साठ फेऱ्यांवर तिचा दम संपतो. शिवाय वजन जास्त. ड्रिल मात्र लाखोंच्या संख्येनं बनतं, म्हणून दोन-तीन हजारांत मोटर, गिअरबॉक्स, चार्जर सगळं हाती येतं. दोन चाकांसाठी दोन ड्रिल घ्यायची, एकाच मॉडेलची. तिसरं घेऊन ठेवलंत तर अजून उत्तम, कारण स्पेअर पार्ट त्यातूनच निघणार.

विकत घेण्याआधी खोक्यावरचं नीट वाचा. मोठ्या अक्षरात ‘ब्रशलेस’ लिहिलं असेल तर ते ड्रिल भिंतीसाठीच ठेवा. ब्रशलेस मोटर वाईट नसते, उलट सरसच. रोबोवॉरच्या वरच्या वर्तुळात आज चाकांनाही ब्रशलेसच लावतात. पण ड्रिलमध्ये ती स्वतःच्या कंट्रोलरला अशी जखडलेली असते की पहिल्याच प्रोजेक्टला तो गुंता नको. आणखी एक गंमत. ‘१८ व्होल्ट’ आणि ‘२० व्होल्ट मॅक्स’ या दोन ड्रिलच्या बॅटरीत तेच पाच लिथियम सेल असतात. एकानं चालू व्होल्टेज छापलं, दुसऱ्यानं फुल चार्जचं. जास्तीचे पैसे त्या दोन व्होल्टसाठी मोजू नका.

वर्ध्यात काय मिळणार?

पुष्कळ! कॉटन बेल्ट आहे साहेब. हिंगणघाट, पुलगाव, वर्धा, देवळी... जिनिंग-प्रेसिंगची यंत्रं जिथे आहेत तिथे ती दुरुस्त करणारा लेथवाला असतोच. अशा माणसाला ड्रिलच्या दांड्यावर बसणारा हब, मोटर पकडणारा ॲल्युमिनिअमचा क्लॅम्प, चाकाच्या बाहेरच्या बाजूला टेकू देणारी बेअरिंगची पट्टी या गोष्टी अर्ध्या दिवसाच्या. त्याला थ्रीडी ड्रॉइंग दाखवू नका. गिअरबॉक्सच हातात द्या आणि ‘यावर घट्ट बसला पाहिजे’ म्हणा. शेतावरच्या फवारणीच्या बॅटरी पंपात बारा व्होल्टची बॅटरी असते. टेबलावर मोटर फिरवून बघायला ती फर्स्ट क्लास. स्पीड कंट्रोलर, रेडिओ आणि लिथियम बॅटरी मात्र नागपूर, पुणे किंवा कुरिअर.

पुण्याहून विमानानं नागपूर आणि तिथून पुढे वर्धा असा प्लॅन असेल तर सामानाची वाटणी आधीच करा. ड्रिल चेक-इनमध्ये जातं, केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. सुट्या लिथियम बॅटरीचं नेमकं उलटं. ती केबिनमध्येच न्यावी लागते, तीही साधारण १०० वॉट-अवरच्या आतली. चार सेलची पाच हजार एमएएचची बॅटरी भरते ७४ वॉट-अवर. म्हणजे चालून जाईल. टोकं टेपनं झाकायला विसरू नका.

गावी आहात तर मगन संग्रहालयात एक चक्कर टाका. १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते सुरू झालेलं हे म्युझियम शाळेच्या सहलीत घाईघाईनं बघून झालेलं असतं. या वेळी तिथले चरखे इंजिनिअरच्या नजरेनं बघा. १९२९ मध्ये चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्या काळचे एक लाख! अटी वाचल्या तर आजचा प्रॉडक्ट मॅनेजरही घाम पुसेल. झोपडीत हातानं किंवा पायानं चालला पाहिजे, आठ तासांत सोळा हजार फूट सूत निघालं पाहिजे, किंमत दीडशे रुपयांच्या आत, वीस वर्षं टिकला पाहिजे आणि वर्षाची देखभाल किमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये. ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही. अहिंसेच्या जिल्ह्यात यंत्रांची मारामारी, हा विनोद तुमचे मित्र करतीलच. पण मशीनला हात लावायच्या आधी वजन, किंमत, टिकाऊपणा कागदावर मांडायचे, ही शिस्त त्या स्पर्धेकडून उचलावी अशीच आहे. आपल्या रोबोच्या बाबतीत कागदावर सगळ्यात वर येतं वजन. का, ते थोडं पुढे.

आता ऑपरेशन

बॅटरी काढा. आधी बॅटरी, मग बाकी सगळं.

चक, म्हणजे ड्रिलचा बिट पकडणारा जबडा, तो पूर्ण उघडा आणि आत डोकावा. तळाशी एक स्क्रू दिसेल. त्याचे आटे उलटे असतात! सवयीनं डावीकडे फिरवाल तर तो आणखी आवळला जाईल आणि डोकं झिजेल. उजवीकडे फिरवला की निघतो. मग जाडशी ॲलन की चकमध्ये पकडायची, गिअर लो वर ठेवायचा आणि कीच्या लांब टोकावर हातोडीचा एक झटका घालायचा, चक नेहमीच्या पद्धतीनं सुटेल अशा दिशेनं. हळूहळू जोर लावून काही होत नाही. झटकाच लागतो.

तो उलट्या आट्यांचा स्क्रू कचऱ्यात टाकू नका. तो तिथे का असतो माहितीये? चक सरळ आट्यांवर बसलेला असतो, त्यामुळे ड्रिल रिव्हर्समध्ये चालवलं की चक आपोआप सुटायला बघतो. आतला उलटा स्क्रू त्याला धरून ठेवतो. रोबोचं चाकही असंच. पुढे जाताना आवळेल, मागे जाताना सुटेल. शिवाय दोन मोटर समोरासमोर तोंड करून बसवलेल्या, म्हणजे कुठल्याही दिशेला जा, एक चाक सुटायच्या तयारीत! म्हणून हब आट्यांवर चढवल्यावर आतून तो उलटा स्क्रू परत लावायचा, आणि जमलं तर हब आणि दांडा यांच्यातून आरपार एक पिन मारून घ्यायची.

मग कव्हरचे स्क्रू काढा. ट्रिगरचा डबा सुटा होईल. त्यातही वेग कमी-जास्त करणारं सर्किट असतं, पण ते बोटासाठी बनवलेलं. रेडिओचा सिग्नल त्याला कळत नाही. रिव्हर्सचा खटकाही हातानंच सरकवायचा. म्हणून तो बाजूला, आणि त्याच्या जागी दोन्ही दिशांना चालणारा स्पीड कंट्रोलर. मोटरच्या दोन टोकांमध्ये एक आणि प्रत्येक टोकापासून मोटरच्या पत्र्याला एकेक असे तीन सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा. वर ‘१०४’ छापलेले मिळतात. ब्रशच्या ठिणग्यांमुळे उठणारी खरखर त्यानं दबते. नाहीतर ऐन लढाईत रेडिओ गोंधळतो आणि रोबोला मिरगी आल्यासारखं होतं.

काही ड्रिलमध्ये मोटरचे ब्रश मुद्दाम किंचित तिरके बसवलेले असतात. भोक पाडताना मोटर एकाच दिशेनं जास्त चालते, त्या दिशेला जरा अधिक वेग मिळावा म्हणून. आपल्या रोबोत एक मोटर सुलटी आणि दुसरी उलटी फिरणार, त्यामुळे गडी सरळ न जाता एका बाजूला ओढला जातो. फरक थोडा असेल तर रिमोटच्या ट्रिमवर भागतं. जास्त असेल तर दुसरं मॉडेल शोधा. मोटरचं झाकण उचकटून ब्रश फिरवत बसायच्या भानगडीत पहिल्या फेरीत पडू नये, असं माझं मत.

आणि मग येतो क्लच.

हा बाद, तर जबाबदारी कुणाची?

ड्रिलच्या नाकाजवळ १ ते २० आकड्यांची फिरणारी कडी असते ना, तोच क्लच. स्क्रू पुरता आवळला गेला की ‘कट्-कट्-कट्’ आवाज येतो तो याचाच. गिअरबॉक्समधली बाहेरची दातेरी रिंग स्थिर राहिली तरच जोर पुढे जातो. तिला स्थिर ठेवतात छोटे छर्रे, आणि छर्ऱ्यांना दाबून धरते स्प्रिंग. जोर मर्यादेबाहेर गेला की छर्रे उचलले जातात, रिंग गोल फिरते, दांडा जागीच थांबतो आणि मोटर सुखरूप राहते. साधी, सुंदर आयडिया.

कव्हर काढलं की स्प्रिंगला दाबणारं काहीच उरत नाही. रिंग मोकाट फिरते आणि चाक हलत नाही. म्हणून क्लच लॉक करायचा. छर्ऱ्यांच्या भोकांत छोटे स्क्रू घालून रिंग जखडायची, किंवा स्प्रिंगच्या जागी लेथवर बनवलेली भरीव कडी बसवायची. स्क्रू टेकेपर्यंतच आवळा. जास्त आवळलात तर रिंग तिरकी होऊन सगळे गिअर जाम होतात. मोटर मोकळी फिरवून बघा. आवाज घोगरा झाला असेल तर पाव फेरा सैल करा.

हे सगळं जमलं की फार भारी वाटतं. ड्रिल आता कुठेच ‘कट्-कट्’ करत नाही, पूर्ण जोर चाकाला! पण नेमकं काय झालंय ते बघा. ड्रिल बनवणाऱ्यानं मोटर जळू नये म्हणून ज्या सोयी केल्या होत्या, त्या आपण एकेक करून काढल्या. क्लच गेला. ट्रिगर सोडलं की थांबवणारं बोट गेलं. लिथियम बॅटरी ड्रिलच्या पॅकमध्ये होती तेव्हा तिचं रक्षण करणारं सर्किट असायचं, तेही गेलं. बरेच रोबो इथेच मरतात, समोरच्याच्या फटक्यानं कमी आणि स्वतःच्या मोटरच्या धुरानं जास्त.

मोटर जागीच अडकली तर काय होतं? समजा तिच्या तारेचा रोध ०.२ ओहम आहे आणि बॅटरी १२ व्होल्टची. करंट झाला ६० ॲम्पिअर आणि वीज ७२० वॉट. मोटर फिरत नाही, म्हणजे यातला प्रत्येक वॉट उष्णता. आपली घरातली छोटी इस्त्री साधारण एवढीच असते. ती इस्त्री मुठीएवढ्या डबीत कोंबलीय असं समजा! काही सेकंदांत तारेवरचं व्हार्निश जळायला लागतं. आता जास्त वेगाच्या मोहानं तीच मोटर १८ व्होल्टवर चालवा. व्होल्टेज दीडपट, पण अडकल्यावरची उष्णता सव्वादोनपट. ७२० चे १६२० वॉट!

मग क्लच परत आणायचा कुठून? तर चाकाखालून. टायर आणि रिंगणाची जमीन यांच्यात जी घसरण असते, तोच आपला नवा क्लच. मोटर अडकण्याआधी चाक घसरलं पाहिजे. आणि ते घसरणार की नाही, हे ठरतं रोबोच्या वजनावर.

ढोबळ हिशोब करू. रोबो १५ किलोचा, सगळं वजन दोन मोटरवाल्या चाकांवर. बऱ्यापैकी चिकट रबर असेल तर दोन चाकांना मिळून साधारण १२० न्यूटनची पकड, म्हणजे एका चाकाला ६०. चाकाची त्रिज्या पाच सेंटिमीटर. म्हणजे तीन न्यूटन-मीटरला चाक घसरायला लागेल. वरची मोटर ३६ च्या गिअरमधून, घर्षण वजा जाता, अडकायच्या क्षणाला दहाएक न्यूटन-मीटर देते. तीन आणि दहा. भरपूर अंतर आहे. कुणाला रेटताना फार तर चाक जागच्या जागी घसरेल, करंट वीस ॲम्पिअरच्या आसपास राहील आणि मोटर तीन मिनिटांची फाइट आरामात काढेल.

आता हीच दोन ड्रिल ६० किलोच्या रोबोला लावा. घसरायला लागणार बारा न्यूटन-मीटर, मोटरकडे आहेत दहा. चाक कधीच घसरणार नाही, मोटरच थांबेल. क्लच नाही. धूर! १५ किलोवाल्यालाही दिसायला दणकट म्हणून वीस सेंटिमीटरची चाकं लावली तर तीनचे सहा होतात आणि हातातलं अंतर निम्म्यानं संपतं. वजन आधी कागदावर मांडायचं ते यासाठी.

दुसऱ्या टोकालाही मर्यादा आहे. गिअरबॉक्ससकट एक मोटर साधारण साडेचारशे ग्रॅमची. १५ किलोच्या रोबोत दोघींचे नऊशे ग्रॅम काहीच नाहीत. पण परदेशात लोकप्रिय असलेल्या तीन पौंडांच्या, म्हणजे १.३६ किलोच्या गटात त्या बसवल्या तर चेसिस, बॅटरी, हत्यार सगळ्यांना मिळून उरतात साडेचारशे ग्रॅम. देशातल्या स्पर्धांत ८, १५, ३०, ६० किलो असे गट दिसतात. ड्रिलची मोटर ८ आणि १५ ची राणी. तिसाला चार मोटर लावून निभतं. त्यापुढे हट्ट करू नये.

आणखी एक. ही मोटर पायांसाठी. फिरत्या पात्यासाठी हिला वापरू नका. आणि चाकाचा भार नुसत्या गिअरबॉक्सच्या दांड्यावर टांगू नका. भोक पाडताना तो भार सरळ रेषेत येतो, चाकाला बसणारा फटका आडवा असतो. स्वस्त ड्रिलचा गिअरबॉक्स प्लास्टिकचा, एका फटक्यात नाक तुटतं. चाकाच्या बाहेरच्या बाजूला बेअरिंगचा टेकू हवाच. ती लेथवाल्याकडची पट्टी याचसाठी होती.

पारा पंचेचाळीस!

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ च्या घरात जातो, हे वर्धेकरांना कुणी सांगायला नको. लिथियम पॉलिमर बॅटरी चार्ज करायची वरची मर्यादा साधारण तेवढीच असते. म्हणजे दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये चार्जिंग म्हणजे विस्तवाशी खेळ, अगदी शब्दशः. उन्हात उभ्या केलेल्या कारच्या डिकीत तर ती ठेवूच नये. पहाटे किंवा रात्री, फरशीवर, आजूबाजूला गादी-पडदे नसतील अशा जागी, बॅलन्स चार्जरवर आणि डोळ्यांसमोर चार्ज करायची. बाजूला वाळूची बादली. फुगलेली बॅटरी ‘अजून एक फाइट काढेल’ म्हणून वापरणारे भेटतात. अशांच्या टेबलापासून लांब बसा! सुट्टी संपवून ऑफिसला परतताना ती फुल चार्ज करून कपाटात टाकू नका. सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवली तर पुढच्या सुट्टीत धड सापडेल.

उन्हाळ्याचा मोटरवरही परिणाम होतो. वातावरणच ४५ वर असेल तर तापायला वाव कमी. फाइट झाल्यावर लगेच दुसरी खेळू नका. हात लावून बघा. बोट टिकत नसेल तर मोटरही फार टिकणार नाही.

लढायचं कुठे?

हा खरा दुखरा मुद्दा. बऱ्याच कॉलेज फेस्टमध्ये उतरायला कॉलेजचं आयकार्ड लागतं, आणि आपलं आता कंपनीचं. पवईला टेकफेस्ट, पुण्यात सीओईपीचा माइंडस्पार्क, नागपुरात व्हीएनआयटीचा ॲक्सिस ही नावं परिचयाची. पण नोकरदारांना प्रवेश आहे का, रोबोवॉर आहे का आणि कुठल्या वजनाचं, हे त्या-त्या वर्षीच्या नियमावलीत बघूनच तिकीट काढा. नसेल तर कॉलेजात जाणारा भाऊ किंवा भाची शोधा. ड्रायव्हर ती, मेकॅनिक तुम्ही. नाहीतरी जॉयस्टिकवरचा तिचा हात तुमच्यापेक्षा चांगलाच असणार.

अंगणात दोन मित्रांचे रोबो ढकलाढकली करत असतील तर मजा आहे. फिरतं हत्यार मात्र अंगणात चालवायचं नाही, एकदाही नाही. स्पर्धेतल्या रिंगणाला जाड पॉलिकार्बोनेटच्या भिंती असतात त्या शोभेसाठी नव्हे. तुटलेला पात्याचा तुकडा कुठे जाईल हे कुणालाच सांगता येत नाही. पाचर लावलेला, नुसता रेटणारा रोबो आधी बनवा. ड्रिलच्या मोटरची खरी ताकदही तिथेच दिसते.

वाचायला काही हवं असेल तर ब्राझीलच्या रिओबॉट्झ टीमचं ट्युटोरियल शोधा. रिओच्या पीयूसी विद्यापीठातले प्राध्यापक मार्को मेज्जोलारो यांनी लिहिलेलं, २००९ मध्ये निघालेलं हे जाडजूड पुस्तक त्यांनी सगळ्यांना फुकट वाटलं. याच टीमचा ‘मिनोटॉर’ २०१६ च्या बॅटलबॉट्समध्ये सेमीफायनलपर्यंत पोचला होता. पुस्तकातली इलेक्ट्रॉनिक्सची माहिती आता थोडी जुनी वाटेल. मोटर, धातू आणि गिअरची प्रकरणं मात्र अजून खणखणीत आहेत.

आणि आईला द्यायचं उत्तर? चक, स्क्रू, ट्रिगर, कव्हर सगळं एका डब्यात नीट ठेवा आणि ‘परत जोडून देईन’ म्हणा. तिसरं स्पेअर ड्रिल घेतलेलं असेल तर ते तिच्या हवाली करा, प्रश्नच मिटला.

पहिल्यांदा रोबो चालू कराल तेव्हा तो जमिनीवर ठेवू नका. दोन विटांवर ठेवा, चाकं हवेत. आधी रिमोट ऑन, मग रोबोची बॅटरी. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. मग अर्ध्या वेगावर चाकं फिरत असताना मुद्दाम रिमोट बंद करा. चाकं लगेच थांबली पाहिजेत. फिरतच राहिली तर बॅटरी काढा, रिसीव्हरचं फेलसेफ सेटिंग पुन्हा करा आणि परत विटांवर ठेवा. अशी तीनदा थांबली की मग खाली उतरवा. अंगणातली बाइक तेवढी आधी बाजूला घ्या.